चहात साखर की गोळी? दोन्ही वापरून झाल्यावर

माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, तेव्हा डॉक्टरांनी आधी चहाचं विचारलं. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे. नुसत्या चहातून चाळीस-पन्नास ग्रॅम साखर पोटात जात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची सगळी वरची साखर पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. मग आठ महिने साखरेऐवजी सुक्रालोज या कृत्रिम गोडव्याच्या गोळ्या घेतल्या आणि नंतर साखरेवर परत आलो. तुमचं अजून ठरत नसेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

आधी भीतीचं बोलू. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम, म्हणजे अशाच गोळ्यांतला दुसरा कृत्रिम गोडवा, ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि घरोघरी डब्या कचऱ्यात पडल्या. पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने अ‍ॅस्पार्टेमची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी पूर्वीचीच कायम ठेवली, हे फार कमी लोकांनी वाचलं. साठ किलोच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम होते. चहातल्या चार-सहा गोळ्या तिच्या जवळपासही जात नाहीत. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवं. बाकीच्यांनी निव्वळ कॅन्सरच्या धास्तीने गोळी सोडावी असं मला वाटत नाही. दातांच्या बाबतीत तर गोळी सरळ सरळ जिंकते, कारण कीड लावणाऱ्या जंतूंना तिच्यातल्या गोडव्यावर जगता येत नाही.

वजनाचं गणित मात्र वाटतं तितकं सोपं नाही. चेन्नईत मधुमेहींवर बारा आठवड्यांची एक चाचणी झाली. त्यात चहा-कॉफीतल्या साखरेऐवजी सुक्रालोज घेणाऱ्यांचं वजन थोडं उतरलं, एचबीए१सीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. उलट इस्रायलमधल्या २०२२ च्या अभ्यासात सॅकरिन (हाही एक कृत्रिम गोडवा) आणि सुक्रालोज घेतल्यावर काही जणांच्या शरीराला साखर हाताळणं जड गेलं, सगळ्यांच्या नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोळ्यांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलं. आधीच मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही.

माझं ठरलं ते यातल्या कशानेच नाही. गोळीचा गोडवा जिभेवरून उतरत नाही, त्याने ठरलं. साखरेचा चहा प्यायला की घोटासोबत गोडी येते आणि जाते. आल्याचा तिखटपणा मागे राहतो. गोळीच्या चहात आलं आधी विरतं आणि जिभेच्या मुळाशी एक पातळ, धातूसारखा गोडवा चिकटून बसतो. साडेसातला चहा घेतला की आठच्या भाकरीलाही तो लागायचा. तो घालवायला मी मूठभर शेव, चिवडा तोंडात टाकू लागलो. एक दिवस बायकोने फरसाणाचा डबा समोर आणून ठेवला. महिन्याचा माल दहा दिवसांत संपला होता. चहातली साखर वाचवून मी त्याहून जास्त तेल-मीठ खात होतो.

मग दर पंधरा दिवसांनी पाव चमचा साखर कमी करत गेलो. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला तीन महिने लागले आणि कपही पाचाचे तीन झाले. पहिले चार दिवस चहा पाणचट लागायचा, पाचव्या दिवशी जीभ रुळायची. गोळीने जिभेची गोडाची सवय होती तिथेच ठेवली होती, ती आता खाली आली. परवा बहिणीकडचा चहा मला पाकासारखा लागला. सहा महिन्यांनी तपासणीत ५.८ आलं. त्यात संध्याकाळच्या चालण्याचाही वाटा असणार, सगळं श्रेय चहाला देत नाही.

ज्यांना शुगर आहे आणि गोडाशिवाय चहा जातच नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी जरूर घ्यावी. फक्त अ‍ॅस्पार्टेमची असेल तर ती कपात टाका. उकळत्या पातेल्यात तिची गोडी मरते. माझी डबी अजून फडताळात आहे. अण्णांना बारा वर्षांपासून शुगर आहे. ते आले की त्यांच्या कपात दोन गोळ्या पडतात, आणि त्यांच्या जिभेवर म्हणे काहीच रेंगाळत नाही.