पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमधली चूक सुधारताना

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनमधली चूक कुणालाही सुधारून पाठवता येते, ही सोय खरोखर चांगली आहे. पानाच्या कडेच्या 'शो सोर्स'वर क्लिक केलं की मूळ मजकूर समोर येतो. स्पेलिंगसारख्या किरकोळ दुरुस्तीला गिटहबवर वेगळा इश्यू (चुकीची नोंद) लागत नाही, थेट 'मेन' ब्रांचवर, म्हणजे मुख्य प्रतीवर, पुल रिक्वेस्ट (बदल सामील करण्याची विनंती) पाठवा. पहिल्यांदा कंट्रिब्युटर करारावर (योगदान देणाऱ्याच्या संमतीपत्रावर) सही मात्र हवीच.

लोक अडखळतात ते बॅकटिकवर, म्हणजे ` या खुणेवर. मार्कडाउन या मजकूर-मांडणीच्या पद्धतीच्या सवयीने एकेकच देतात. इथे रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही वेगळी पद्धत आहे, कोडच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हवेत, नाहीतर शब्द कोडच्या ठशात येतच नाही. इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) तीन स्पेसचा. पाठवण्याआधी 'डॉक' फोल्डरमध्ये 'मेक एचटीएमएल' ही कमांड चालवून तयार झालेलं पान नजरेखालून घाला. लायब्ररीची पानं हाताने लिहिलेली असतात, डॉकस्ट्रिंगमधून (कोडमध्येच लिहिलेल्या माहितीतून) तयार होत नाहीत. तीच चूक डॉकस्ट्रिंगमध्ये असेल तर तीही सुधारा.