गोल्डन ईगल घ्यावा की ट्रॅम डी-२०१?

दोन्ही अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचे, दोन्ही व्हॅक्यूम ट्यूबवाले (काचेच्या नळ्यांचे) जुने सीबी रेडिओ, म्हणजे ‘सिटिझन्स बँड’वर सामान्य लोकांनी एकमेकांशी बोलायचे संच. मग पैसे कुठे घालावेत?

ब्राउनिंग कंपनीच्या गोल्डन ईगल मार्क ३ मध्ये रिसीव्हर आणि ट्रान्समीटर वेगवेगळे. जोडी आणि मधली केबल सोबत असेल तरच पूर्ण भाव द्या. सुटा रिसीव्हर कितीही चकचकीत असो, मी निम्म्याच्या वर जाणार नाही. डी-२०१ एकाच पेटीत, ती भानगडच नाही.

‘चालू आहे’ एवढ्यावर दोन्हींच्या बाबतीत विसंबू नका. झाकण उघडून जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, वयानुसार सुकून निकामी होणारे भाग) बदललेत का ते बघा. नसतील तर तो खर्च, मजुरीसकट, किमतीतून वजा करा.

संग्रहात दिमाखाने मांडायचा असेल तर ईगल. टेबलावर जागा कमी आणि रोज बोलायचं असेल तर डी-२०१.