फोनवरची प्रार्थना सेवा: शेतीच्या पॅकेजचा माझा अनुभव

पाचपैकी दोन स्टार देते आहे, आणि तेही फोनवरच्या त्या मुलीसाठी. रात्री दीडला तिनं फोन उचलला, माझं रडणं थांबेपर्यंत थांबली आणि मग साध्या मराठीत प्रार्थना केली. मनापासून केली, ते आवाजात कळतं. सेवेचं नाव मी लिहीत नाही.

मी दारव्हा तालुक्यातली. चार एकर कोरडवाहू, त्यात तीन एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस. ऑगस्ट सरता सरता डोमकळ्या दिसायला लागल्या. ज्यांच्या घरी कापूस नाही त्यांच्यासाठी सांगते: फूल उमलतच नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींना चिकटून राहतात. उलगडून पाहिलं की आत बोंडअळी. २०१७ साली या अळीपायी सगळ्या यवतमाळ जिल्ह्यानं जे भोगलं ते डोळ्यांपुढं आलं. मोबाइलवर ही सेवा दिसली आणि मी नाव नोंदवलं. सातशे रुपयांत एकवीस दिवसांची मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे माझ्या वतीनं त्यांनी करायची, आणि अभिषेकाच्या तेलाची एक बाटली.

बाटली आठ दिवसांत आली. अंगठ्याएवढी, वास खोबरेल तेलाचा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, शेताच्या चारही कोपऱ्यांत सात-सात थेंब टाका. पहाटे एकटीच जाऊन टाकले. बाभळीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डबकं साचलं होतं, तिथं ते थेंब पाण्यावर तरंगत राहिले. बराच वेळ मी त्यांच्याकडे बघत उभी होते.

एकविसाव्या दिवशी दहा हिरवी बोंडं तोडून फोडली. सहांमध्ये अळी. फोन लावला तर आवाज दुसराच. म्हणाला, तुमचा विश्वास कमी पडला, एकवीसशेचं बीज पेरा, म्हणजे तेवढे पैसे भरा, पुढचं पॅकेज सुरू करू. त्यांच्या नोंदीत माझं पीक सोयाबीन होतं.

पैशाचं दुःख आहेच. त्याहून मोठं हे, की त्या एकवीस दिवसांत मी स्वतः एकदाही गुडघे टेकले नाहीत. पैसे भरले, आता काम त्यांचं, असं धरून बसले. औषध मारलं की अळी मेली पाहिजे, तसंच देवाकडून पाहिजे होतं. बुधवारच्या घरसभेलाही गेले नाही. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात तेल लावायला सांगितलं आहे, पण ते मंडळीच्या वडिलांनी येऊन, दुखणाइताजवळ बसून. आणि पैसे देऊन देवाचं दान विकत मागणाऱ्या शिमोनाला पेत्र म्हणाला, तुझ्या पैशाचा तुझ्यासकट नाश होवो, ते तर आम्ही संडे स्कूलमध्येच शिकलो.

आमच्या बाबांकडून ऐकलेलं आहे. १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, यवतमाळात होती, तेव्हा तिथली पोरं आमच्या मंडळीत यायची. आजारी माणसाच्या खाटेजवळ बसून प्रार्थना करायची, ठेचा-भाकर खाऊन परत जायची. पैशाची गोष्ट बाबांच्या तोंडून कधी निघाली नाही.

शेवटी मंडळीतल्या मावशीच शेतात आल्या. "काहून नाही सांगतलं वो?" एवढंच बोलल्या. धुऱ्यावर बसून त्यांनी हबक्कूकचा तिसरा अध्याय काढला. अंजीर फुललं नाही, शेतात अन्न पिकलं नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, ती वचनं. "अंजिराच्या जागी मी पऱ्हाटी वाचतो," म्हणाल्या. प्रार्थना झाली, पदर खोचला आणि माझ्यासोबत डोमकळ्या तोडायला लागल्या. ऊन चढेपर्यंत दोन टोपल्या भरल्या. खड्डा करून पुरल्या.

तीन एकरांत नऊ क्विंटल कापूस झाला. कमीच आहे. दुसरं पॅकेज मी घेतलं नाही, तुम्हीही पहिलं घेऊ नका.

त्या रात्रीच्या मुलीचा फोन पुन्हा लागला तर तिचं नाव विचारायचं आहे. बुधवारी सभा आमच्याकडे असते, तिच्यासाठी प्रार्थना करायची आहे.