पेठेतला दवाखाना की जुळे सोलापुरातलं क्लिनिक?

पेठ सोडून जुळे सोलापूरला राहायला आलेल्या दोघातिघांनी मला हेच विचारलं, की फॅमिली डॉक्टर जुनेच ठेवायचे की इथल्या चार डॉक्टरांनी मिळून काढलेल्या क्लिनिकला जायचं? आईला मी दोन्हीकडे नेलंय, म्हणून सांगतो.

पेठेतल्या डॉक्टरांना आमचं सगळं घर माहीत. आई स्टुलावर टेकायच्या आत "काय वहिनी, गुडघा परत धरला का?" म्हणून विचारणार. घाई नाही. सुई आपल्यासमोर पाकिटातून काढतात, प्रत्येक पेशंटनंतर हात धुतात. तेही चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात, भरून ठेवलेल्या पाण्यावर. जुना दवाखाना म्हणजे अस्वच्छ, असं माझ्यापुरतं तरी दिसलं नाही.

क्लिनिकमध्ये दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रंगवार डबे आहेत, सुयांसाठी आरपार टोचणार नाही असा पांढरा डबा वेगळा. मला जास्त पटली ती लसींच्या फ्रिजवरची वही. त्यात सकाळ-संध्याकाळ तापमान लिहितात. लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ वर असताना लाइट जाते. मुलीला डोस देण्याआधी मी ती वही बघून घेतली.

पण माझा निर्णय झाला तो पुडीमुळे. पेठेत गोळ्या कागदाच्या पुडीत मिळतात, वर पेनाने सकाळ-दुपार-संध्याकाळच्या रेघा. नाव नाही, चिठ्ठी नाही. गेल्या वर्षी गुडघ्यासाठी तशीच पुडी आणली आणि रात्री आईच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. दोन वाजता मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कुठली गोळी घेतली?" मी पुडी उघडून पुढे केली. दोन पांढऱ्या, एक पिवळी. त्यांनी त्या हातावर उलटसुलट करून पाहिल्या आणि परत दिल्या. आमच्या डॉक्टरांचा फोन बंद. सकाळी त्यांनी लगेच सांगितलं, डायक्लोफेनॅक होतं, म्हणजे दुखण्यावरची गोळी. त्यांना खरंच वाईट वाटलं. पण ते नाव मला रात्री हवं होतं.

औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगितलंय. क्लिनिकमध्ये ते पाळतात. आईच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईत डायक्लोफेनॅक लिहून खाली रेघ मारली आहे. तिथे दर वेळी डॉक्टर वेगळे भेटतात, आईला ते अजिबात आवडत नाही, आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण समोर कुणीही असो, ते पान आधी उघडतात.

तुमच्या घरी कुणाला ॲलर्जी नसेल, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू नसतील, तर साध्या सर्दी-तापाला पेठेत जायला माझी हरकत नाही; मीही जातो. फक्त पुडी हातात घेतली की म्हणायचं, "डॉक्टर, यावर नाव तेवढं लिहून द्या." मी म्हणतो तेव्हा ते लिहून देतात. पण आईला आता क्लिनिकलाच नेतो.