सामुद्रधुनीच्या रखवालीला कुणाबरोबर जायचं?

तांबड्या समुद्रात एखादं जहाज पेटलं की आपल्याकडे प्रश्न ठरलेला असतो: भारतीय नौदलाने अमेरिकेच्या आघाडीत जावं की नाही? चॅनेलवर त्याची दोनच उत्तरं मिळतात. प्रत्यक्षात २०१९ ते २०२५ या काळात होर्मुझ (इराणच्या आखाताचं तोंड) आणि बाब अल-मंदेब (येमेनजवळचं तांबड्या समुद्राचं दक्षिणेकडचं तोंड) या दोन चिंचोळ्या वाटांवर किमान चार निरनिराळे मार्ग वापरून झाले आहेत आणि प्रत्येकाचा जमाखर्च आता समोर आहे. ज्यांना यावर मत बनवायचं आहे, वादविवाद स्पर्धेत बाजू मांडायची आहे, किंवा घरातलं कुणी मर्चंट नेव्हीत आहे म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यांच्यासाठी हे चार मार्ग एकमेकांशेजारी ठेवून पाहू.

माझं मत आधीच सांगतो. कमान (म्हणजे हुकूम) कुणाची यावर आपण रात्रभर भांडतो, पण मोहिमेचं काय होणार हे बहुतेक वेळा जहाजावर काय आहे यावरून ठरतं.

आधी जागा समजून घेऊ

होर्मुझ सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. मोठ्या टँकरांसाठी येण्याची आणि जाण्याची वाट प्रत्येकी दोन सागरी मैलांची, मध्ये तेवढीच मोकळी पट्टी. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे पाचवा हिस्सा इथून जातो आणि आखातातून बाहेर पडायला समुद्राची दुसरी वाट नाही. बाब अल-मंदेबला मात्र पर्याय आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा, दहा-चौदा दिवस जास्त मोजायचे आणि इंधनाचं बिल भरायचं. हा फरक लक्षात ठेवा. एका ठिकाणी जहाज मालक वाट बदलू शकतो, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या हातात काहीच नाही.

धोकाही वेगळा. बाब अल-मंदेबमध्ये येमेनमधल्या हुती बंडखोरांचे ड्रोन आणि जहाजभेदी क्षेपणास्त्रं. होर्मुझमध्ये इराणच्या वेगवान बोटी, जहाजं जप्त करणारी पथकं, आणि ज्याचं नाव कुणी फारसं घेत नाही ते सुरुंग.

अमेरिकेच्या कमानीखाली

१८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने हुतींपासून जहाजं वाचवण्यासाठी ‘ऑपरेशन प्रॉस्पेरिटी गार्डियन’ ही आघाडी जाहीर केली. यादीत दहा देश होते. पण आठवडा उलटायच्या आत स्पेनने अंग काढून घेतलं, फ्रान्सने आपली जहाजं आपल्याच कमानीत राहतील असं सांगितलं आणि इटलीने आपली फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) स्वतंत्रपणे निघाल्याचं कळवलं. अरब देशांपैकी यादीत एकटा बहारीन. ऑस्ट्रेलियाने जहाजाऐवजी मोजके अधिकारी पाठवले. म्हणजे तळ्यात-मळ्यात करणारे फक्त आपणच नव्हतो.

या मार्गाचा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. उपग्रह, टेहळणी विमानं, क्षेपणास्त्र सुटल्याची सूचना, समुद्रावर इंधन भरून देणारी जहाजं, हे सगळं तयार मिळतं. हवेतून येणारं पाडण्याचं मोठं कामही याच मंडळींनी केलं.

अडचण दोन जागी आहे. १२ जानेवारी २०२४ ला अमेरिका आणि ब्रिटनने येमेनच्या जमिनीवर हल्ले सुरू केले. कागदावर ती मोहीम वेगळी होती. पण समुद्रावरून पाहणाऱ्याला तीच जहाजं, तोच झेंडा दिसतो. रखवालीला गेलेला माणूस भांडणातला पक्ष कधी झाला हे त्यालाही कळत नाही. दुसरी अडचण जास्त बोचरी. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने हुतींवर पुन्हा जोरदार बॉम्बफेक सुरू केली आणि ६ मे रोजी ओमानच्या मध्यस्थीने थांबवली. समझोता अमेरिकी जहाजांपुरता. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन मालवाहू जहाजं हुतींनी बुडवली. आघाडीचा म्होरक्या स्वतःपुरता तह करून मोकळा होऊ शकतो, हे आघाडीत जाऊ पाहणाऱ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

युरोपची ढाल

युरोपीय संघाने १९ फेब्रुवारी २०२४ ला ‘अस्पिडेस’ सुरू केलं. मुख्यालय ग्रीसमधल्या लारिसा इथे. काम फक्त बचावाचं: जहाजांना सोबत करायची, अंगावर आलं तर पाडायचं, येमेनच्या किनाऱ्यावर हल्ला करायचा नाही. राजकीयदृष्ट्या हा सर्वांत स्वच्छ मार्ग. ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे दीड लाख टन कच्चं तेल भरलेला ‘सूनियन’ टँकर हुतींच्या हल्ल्यानंतर जळत होता, तेव्हा तो ओढून नेण्याच्या कामाला संरक्षण दिलं ते याच मोहिमेने. ते तेल समुद्रात सांडलं असतं तर त्या किनाऱ्यांच्या मच्छीमारांचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते.

पण ढाल फार लहान होती. एवढ्या मोठ्या पट्ट्यात एका वेळी तीन-चारच युद्धनौका. आणि त्या नौकांची तयारी? इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘सज्जता’ हा शब्द भाषणातून बाहेर काढून तपासायची वेळ इथेच येते.

जर्मनीची ‘हेसन’ ही हवाई संरक्षणाची फ्रिगेट फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस तिथे पोचली. एक ड्रोन दिसला, ओळख पटेना, दोन क्षेपणास्त्रं सोडली. दोन्ही समुद्रात पडली. नंतर कळलं की ड्रोन अमेरिकेचा होता. दोन क्षेपणास्त्रं चुकली म्हणून मित्राचा ड्रोन वाचला, याला नशीब म्हणावं की नाचक्की, तुम्हीच ठरवा. शेजारीशेजारी चाललेल्या दोन मोहिमांची एकमेकांशी नीट ओळखपाळख नसली की हे असं होतं.

डेन्मार्कची ‘इव्हर हुइटफेल्ड’ ही फ्रिगेट अमेरिकी आघाडीबरोबर होती. ९ मार्च २०२४ च्या रात्री ड्रोन येत असताना तिची क्षेपणास्त्र यंत्रणा सुमारे अर्धा तास बंद पडली. तोफेचे बरेच गोळे नळीतून बाहेर पडताच फुटत होते. तरीही जहाजाने चार ड्रोन पाडले, ही खलाशांची कमाल. ही हकिकत संरक्षणमंत्र्यांना वेळेवर कळवली नाही म्हणून एप्रिलमध्ये देशाच्या सैन्यप्रमुखांना पद गमवावं लागलं.

तिसरा प्रसंग गोव्याशी जोडलेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीची ‘बाडेन-व्युर्टेमबर्ग’ आणि रसदनौका ‘फ्रांकफुर्ट आम माइन’ गोव्यात आल्या होत्या. चान्सलर शोल्झ त्यांना भेट द्यायला तिथे गेले. सात हजार टनांची नवीकोरी युद्धनौका. पण तिच्यावर लांब पल्ल्याचं हवाई संरक्षण नाही, कारण आराखडा काढताना तिच्याकडून तसल्या कामाची अपेक्षाच नव्हती. घरी परतताना ती तांबड्या समुद्रात शिरली नाही. एखाद्या मालवाहू जहाजासारखी आफ्रिकेला वळसा घालून गेली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण अपुऱ्या हत्यारांनिशी शिरून जहाज गमावण्यापेक्षा लोकांचं हसणं परवडतं.

मधला रस्ता: जपान आणि दक्षिण कोरिया

१३ जून २०१९ ला ओमानच्या आखातात दोन टँकरांवर हल्ला झाला, त्यातला एक जपानी मालकीचा. नेमके त्याच वेळी पंतप्रधान आबे तेहरानमध्ये मध्यस्थी करत होते. अमेरिकेने आघाडी उभारली. जपान तिच्यात गेला नाही. त्याने २०२० च्या सुरुवातीला ‘ताकानामी’ ही विनाशिका आणि टेहळणी विमानं पाठवली, तीही ‘पाहणी आणि संशोधन’ या नावाखाली आणि होर्मुझच्या आत न जाता. ताकाला जायचं आणि भांडंही लपवायचं. पण इराण आणि अमेरिका दोघांनाही ते चाललं, हेही खरं.

कोरियाने एडनच्या आखातात आधीपासून असलेल्या आपल्या तुकडीची हद्द होर्मुझपर्यंत वाढवली, कमान स्वतःकडे ठेवली आणि आघाडीच्या कार्यालयात दोन संपर्क अधिकारी बसवले. तरीही जानेवारी २०२१ मध्ये इराणने ‘हानकुक केमी’ हा कोरियन टँकर जप्त केलाच. खरं दुखणं कोरियन बँकांत अडकलेल्या इराणच्या पैशांचं होतं. जहाज एप्रिलमध्ये सुटलं ते वाटाघाटींनी. विनाशिका जवळ असून तिचा त्यात फारसा उपयोग झाला नाही.

आपला झेंडा, आपली कमान

भारताने १९ जून २०१९ ला ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू केलं आणि ‘आयएनएस चेन्नई’ व ‘आयएनएस सुनयना’ ओमानच्या आखाताकडे रवाना झाल्या. डिसेंबर २०२३ नंतर याच नावाखाली डझनभर जहाजं अरबी समुद्र आणि एडनच्या आखातात उभी राहिली. त्यातल्या ‘कोलकाता’, ‘कोची’, ‘विशाखापट्टणम’ या विनाशिका मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या.

या मार्गाची कमाई मोठी आहे. हुतींच्या क्षेपणास्त्राने ‘मार्लिन लुआंडा’ हे तेलवाहू जहाज पेटलं तेव्हा ‘विशाखापट्टणम’चं अग्निशमन पथक त्यावर चढलं; त्या जहाजावर २२ भारतीय होते. ‘ट्रू कॉन्फिडन्स’वरच्या २१ जणांना ‘कोलकाता’ने जिबूतीला पोचवलं. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या अपहृत जहाजावर चाळीस तासांची कारवाई झाली, नौदलाचे मार्कोस कमांडो विमानातून उतरवले गेले, १७ खलाशी सुटले आणि ३५ सोमाली चाचे शरण आले. त्यांना मुंबईत आणून यलो गेट पोलिसांच्या हवाली केलं गेलं. २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा नसता तर त्यांचं करायचं काय हा प्रश्नच होता. अनेक नौदलांना पकडलेले चाचे किनाऱ्यावर सोडून द्यावे लागले आहेत.

आता दुसरी बाजू. आपली जहाजं बहुतेक वेळा क्षेपणास्त्र लागल्यानंतर पोचली. ते येताना अडवण्याचं काम प्रामुख्याने इतरांनी केलं. आपण आगीचा बंब म्हणून उत्तम ठरलो, पण त्याला ढाल म्हणता येणार नाही. शिवाय आपल्या या विनाशिकांवर बराक-८ या विमान-क्षेपणास्त्रविरोधी अस्त्रासाठी ३२ नळ्या आहेत, म्हणजे एका वेळी तेवढीच अस्त्रं. ब्रिटनच्या ‘डायमंड’वर ४८, अमेरिकी विनाशिकांवर नव्वदीच्या घरात, तीही वेगवेगळ्या अस्त्रांसाठी. रिकाम्या झालेल्या नळ्या समुद्रावर भरता येत नाहीत, बंदर गाठावं लागतं. रोज ड्रोन येत राहिले तर एकट्या नौदलाचं गणित पंधरवड्यात ताणलं जातं.

मात्र एक गोष्ट फक्त या मार्गानेच मिळते. एप्रिल २०२४ मध्ये इराणने होर्मुझजवळ ‘एमएससी एरीज’ जप्त केलं, तेव्हा २५ पैकी १७ खलाशी भारतीय होते. ते परतले ते तेहरानशी बोलणं सुरू होतं म्हणून. आघाडीच्या यादीत आपलं नाव असतं तर तो फोन उचलला गेला असता का? मला शंका आहे. जगातली जहाजं कुठल्याही झेंड्याखाली फिरोत, त्यावर रत्नागिरी-रायगडपासून केरळपर्यंतची पोरं असतात. त्यामुळे हा फोन चालू राहणं ही चैन म्हणता येणार नाही.

आणि आपण अगदीच एकटे आहोत असंही नाही. बहारीनमधल्या, अमेरिकेच्या पुढाकाराने चालणाऱ्या अनेक देशांच्या संयुक्त सागरी दलात भारत नोव्हेंबर २०२३ पासून पूर्ण सदस्य आहे. ‘तलवार’ने २०२४ मध्ये आणि ‘तर्कश’ने २०२५ मध्ये त्याच चौकटीत अमली पदार्थांचे मोठे साठे पकडले. तस्करीविरोधात एकत्र, येमेनच्या बाबतीत वेगळे, असा हा व्यवहार आहे. २००२ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत भारतीय जहाजांनी अमेरिकी मालवाहू जहाजांना सोबत केली होती, तीही कुठल्या आघाडीविना, दोन देशांच्या आपसातल्या ठरावावर. म्हणजे ही रीत नवी नाही.

मग निवड कशी करायची?

बाब अल-मंदेबपुरतं माझं उत्तर स्पष्ट आहे: आपली कमान, आपली जहाजं, आणि कोरियासारखे संपर्क अधिकारी दोन्ही मोहिमांच्या कार्यालयांत. ‘हेसन’सारखा घोटाळा टाळायला माहितीची देवाणघेवाण पुरते, त्यासाठी हुकूम दुसऱ्याचा घ्यावा लागत नाही.

होर्मुझचं उत्तर इतकं सोपं नाही आणि ‘एकला चलो’वाल्यांनी इथे सावध व्हावं. इराण-इराक युद्धाच्या काळात, २४ जुलै १९८७ ला, कुवेतचे टँकर अमेरिकी झेंड्याखाली नेण्याच्या पहिल्याच फेरीत ‘ब्रिजटन’ हा महाकाय टँकर सुरुंगावर गेला. त्यानंतर त्याच्या रक्षणाला आलेल्या युद्धनौका त्याच्याच मागे रांगेत चालू लागल्या, कारण सुरुंगाचा धक्का टँकरचा जाड पत्रा सोसू शकत होता, त्यांचा नाही. शेवटी सुरुंग काढायला अमेरिकी हेलिकॉप्टरं आली, ब्रिटन, फ्रान्स, इटली, बेल्जियम, नेदरलँड्सच्या लहानशा नौका आल्या.

अशा नौका आज आपल्याकडे नाहीत. शेवटची ‘कोझिकोड’ २०१९ मध्ये निवृत्त झाली. कोरियन कंपनीच्या मदतीने गोवा शिपयार्डमध्ये १२ सुरुंगनाशक नौका बांधायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं रेंगाळून २०१८ मध्ये रद्द झाला. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा नौकांना पुन्हा तत्त्वतः मंजुरी दिली, पण मंजुरीपासून जहाज पाण्यात उतरेपर्यंत आपल्याकडे किती काळ जातो हे वेगळं सांगायला नको. तोवर होर्मुझमध्ये सुरुंग पेरले गेले, तर झेंडा कितीही आपला असो, वाट दुसऱ्यानेच साफ करून द्यावी लागेल. त्या दुसऱ्याशी अटी ठरवायच्या असतील, म्हणजे आपली जहाजं कुठपर्यंत जातील, कुणाच्या हल्ल्यात सामील होणार नाहीत आणि साफ झालेल्या वाटेवर आपल्या टँकरांचा नंबर कितवा, तर ती बोलणी शांततेच्या काळातच झालेली बरी.