नॅरोबँड यूव्हीबी लाईट: सात महिन्यांनंतर

आजाराचं नाव मायकोसिस फंगॉइडिस. नावात फंगस असला तरी बुरशीशी याचा काही संबंध नाही. १८०६ मध्ये आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी ज्याचं वर्णन केलं, त्या रुग्णाच्या अंगावर अळंबीसारख्या गाठी होत्या, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात हा त्वचेतल्या टी पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर.

माझ्या मांड्यांवर आणि कमरेखाली फिकट पांढरे चट्टे होते. चार वर्षं कुणी कोड म्हणालं, कुणी नायटा. एका डॉक्टरांनी कुष्ठरोगाच्या शंकेने कापसाची वात फिरवून पाहिली, पण स्पर्श नीट कळत होता. सावळ्या कातडीवर हा आजार असा पांढऱ्या चट्ट्यांनीही येतो, हे तेव्हा कुणीच बोललं नाही.

बायोप्सीबद्दल मात्र पोटतिडकीने सांगते. पहिलीत काहीच ठोस निघालं नाही. मी रोज स्टेरॉइडचं मलम चोळत होते आणि ते थांबवा असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी चार आठवडे मलम बंद ठेवायला लावलं, दोन जागांचे तुकडे घेतले, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (तुकड्यातल्या पेशी कुठल्या प्रकारच्या आहेत हे ओळखायची तपासणी) केली, तेव्हा निदान झालं. स्टेज १ए, म्हणजे चट्टे अंगाच्या १० टक्क्यांहून कमी भागावर. बोटांसकट आपला तळहात म्हणजे साधारण १ टक्का. माझे सहा तळहात भरले.

मग लाईट सुरू झाली, म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी या अतिनील किरणांचा उपचार, आठवड्यातून तीनदा. कपाटाएवढी केबिन, चहूबाजूंनी ट्यूब, ३११ नॅनोमीटरचा निळसर उजेड, डोळ्यांवर काळा गॉगल, वर पंख्याची घरघर. सुरुवातीला मिनिटभरसुद्धा नाही; डोस हळूहळू वाढवतात. तिसऱ्या आठवड्यात पाठ लाल झाली, रात्रभर आग आग. लाईट देणाऱ्या ताईंना सांगितलं, तर त्यांनी डॉक्टरांना विचारून एक खेप चुकवली आणि डोस खाली आणला. अंग भाजलंय हे लपवून आत उभं राहू नका. गणपतीत गावी गेले, दोन आठवडे बुडाले, तर परत डोस कमी करूनच सुरुवात. कोरडेपणा खूप येतो. घरी आल्यावर खोबरेल तेल लावायचे.

दोन महिने काहीच फरक नव्हता आणि मी रडकुंडीला आले होते. तिसऱ्या महिन्यात चट्ट्यांच्या कडा पुसट झाल्या, पाचव्यात उजवी मांडी स्वच्छ झाली. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच ट्यूबलाईटखाली फोटो काढत होते, म्हणूनच हे दिसलं.

आता आठवड्यातून एकदाच जाते. डाव्या मांडीवर रुपयाएवढा एक चट्टा अजून आहे. हे परत उलटू शकतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे फोटो आणि तपासणी चालूच आहे.