साथरोगांचे विकिपीडिया लेख तपासताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निष्कर्ष सांगून टाकते. साथरोगावरचा लेख नीट बांधलाय का, त्याला आधार दिलेत का, हे विकिपीडियाच्या दर्जा पद्धतीतून चांगलं कळतं. त्यातला आकडा कुठल्या लोकांमधला, कुठल्या वर्षीचा आणि कशाने भागून आलेला आहे, हे मात्र आपल्यालाच शोधावं लागतं. आणि या विषयात सगळा जीव आकड्यातच असतो.

मी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवते. गेल्या पावसाळ्यापासून इंग्रजी विकिपीडियावरचे गोवर, प्लेग, कॉलरा, इबोला, माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) असे लेख विद्यार्थ्यांना सोबत घेऊन तपासतेय, जमेल तिथे सुधारतेय. मुलांना ‘विकिपीडिया वाचू नका’ म्हणण्यात मला अर्थ वाटत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री ती तेच पान उघडतात, आणि गावात साथ आली की पत्रकार, नगरसेवक, पेशंटचे नातेवाईक, सगळेच तिथे पोचतात.

ज्यांनी ही पद्धत पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक लेखाला एक चर्चा पान असतं आणि त्यावर लेखाचा दर्जा लिहिलेला असतो. स्टबपासून सुरुवात, मग स्टार्ट, सी, बी, त्यापुढे जीए (गुड आर्टिकल), ए आणि सगळ्यात वर एफए (फीचर्ड आर्टिकल). शिवाय विषयाचं महत्त्व वेगळं नोंदवतात. बीपर्यंतचा दर्जा कोणीही सदस्य देऊ शकतो, जीएसाठी एक परीक्षक लेख तपासतो, एफएसाठी अनेकांची चर्चा होते. वैद्यकीय मजकुराला आणखी एक कडक नियम आहे. सुट्या प्रयोगाचा निबंध आधार म्हणून सहसा चालत नाही. आढावा-निबंध (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा), पाठ्यपुस्तक किंवा जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं लागतात, तीही शक्यतो गेल्या पाच वर्षांतली. हा नियम मला मनापासून आवडला. एवढ्या शिस्तीने लिहिलेला लेख कुठवर जाऊ शकतो ते डेंग्यूच्या लेखाने दाखवलंय: तो २०१४ साली ‘ओपन मेडिसिन’ या नियतकालिकात तज्ज्ञ-परीक्षणानंतर छापला गेला.

आता आकड्यांकडे येते. गोवराचा आर नॉट १२ ते १८, म्हणजे कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकसंख्येत एक रोगी सरासरी इतक्यांना आजार देतो. हा आकडा लेखांत, स्लाइड्सवर, गाइडमध्ये सगळीकडे सापडतो. लेखात त्याला आधार असतो, त्यामुळे दर्जा तपासणाऱ्याची हरकत नसते. पण २०१७ साली ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये या एका आकड्याचाच पद्धतशीर आढावा आला, आणि प्रसिद्ध झालेले अंदाज १२ ते १८ च्या कितीतरी बाहेर पसरलेले निघाले. ते साहजिकच आहे. आर नॉट हा विषाणूच्या अंगचा गुण नाही. लोक किती दाटीने राहतात, कोण कोणाच्या किती संपर्कात येतं, मोजमाप कुठल्या पद्धतीने केलं, सगळं त्यात मिसळलेलं असतं. हर्ड इम्युनिटीचा उंबरठा, म्हणजे साथ थांबायला किती टक्के लोकांना प्रतिकारशक्ती हवी, तो त्याच आकड्यावरून काढतात: १२ धरला तर साधारण ९२ टक्के, १८ धरला तर ९४. हे गणित सगळे सगळ्यांत सारखेच मिसळतात असं गृहीत धरतं. मुंबईत २०२२ साली गोवंडी भागात गोवर पसरला, तेव्हा शहराची सरासरी सांगून काहीच उलगडत नव्हतं. एखाद्या वस्तीत किती मुलं लसीवाचून राहिलीत हा प्रश्न होता. लेखात ही अट एका वाक्यात लिहिलेली आहे का, एवढं मी आता सगळ्यात आधी पाहते.

दुसरी हमखास सापडणारी जागा म्हणजे केस फेटॅलिटी, म्हणजे रोग्यांपैकी किती टक्के दगावतात. इबोलाचं सरासरी प्रमाण जागतिक आरोग्य संघटना ५० टक्क्यांच्या आसपास देते, आणि वेगवेगळ्या साथींत ते २५ ते ९० होतं असंही सांगते. लेखात नुसतं ‘५० टक्के’ उरलं तर वाचणाऱ्याला काय समजणार? डिनॉमिनेटर, म्हणजे ज्याने भागलं तो आकडा हवा: नोंदलेले रोगी, की संसर्ग झालेले सगळे? उपचार मिळालेले की न मिळालेले? प्लेगच्या बाबतीत तर गाठीचा की फुफ्फुसाचा हे सांगितल्याशिवाय आकडा देऊच नये.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते साथीच्या गणिती मॉडेलने, आणि त्याचा धागा थेट मुंबईला येतो. करमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा १९२७ चा निबंध, ज्यावर आजचं एसआयआर मॉडेल (लोकांचे संसर्ग होऊ शकणारे, आजारी आणि बरे झालेले असे गट धरणारं) उभं आहे, त्यात प्रत्यक्ष साथीशी ताडून पाहायला मुंबईतल्या प्लेगचे साप्ताहिक मृत्यू घेतले होते: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. मॅकेन्ड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही त्यांनी काम केलं. आलेखात मृत्यूंचे ठिपके वक्ररेषेवर इतके सुंदर बसतात की पाहणारा लगेच मान डोलावतो. पण माणसातला प्लेग ही उंदरांमधल्या प्लेगची सावली आहे, त्यामुळे समीकरणातली गृहीतकं इथे काटेकोर लागू होत नाहीत, हे लेखकांनीच तिथे लिहून ठेवलंय. पुढे २०१२ मध्ये गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी हा आलेख पुन्हा तपासला. मुंबईचा प्लेग दरवर्षी ठरावीक ऋतूत यायचा आणि ओसरायचा. त्यामुळे साथ थांबण्याचं कारण मॉडेल सांगतं तेच (संसर्ग होऊ शकणारे लोक कमी होणं) असेल असं धरता येत नाही, आणि मॉडेल जुळवून घेताना निघणाऱ्या किमतीही वास्तवाशी बसत नाहीत. म्हणून मॉडेलवरचा कुठलाही लेख हाती आला की मी त्यात आधी ‘उंदीर’ शोधते. मुंबईचा आलेख आहे आणि उंदराचा पत्ता नाही, तर लेख माझ्या लेखी बीच्या वर जात नाही, मग आधार कितीही असोत. विद्यार्थ्यांना ही कसोटी फार आवडली. एक इंटर्न तर मूळ निबंध काढून वाचत बसली, जे मी वर्गात कितीही सांगून झालं नसतं.

कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवणाऱ्या लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोच्या बाबतीत गोष्ट सगळी जागा खाते. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ ला काढला, हे सगळ्यांना पाठ असतं. मृत्यू तोवर उतरणीला लागले होते, हे स्नोने स्वतः मान्य केलं होतं, आणि ते लेखात यायलाच हवं. त्याचं खरं भक्कम काम दक्षिण लंडनमधलं. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीचं पाणी घेणाऱ्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथ कंपनीच्या घरांमागे ३७. इथे डिनॉमिनेटर आहे, तुलना आहे. पंपाला चार परिच्छेद आणि याला एक ओळ असेल, तर लेखाचा तोल गेलाय असं मी चर्चा पानावर सरळ लिहिते.

एक अडचण खरी आहे आणि तिच्यावर मला समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. आढावा-निबंधांचा नियम मोठ्या रोगांना छान बसतो, लहान रोगांना जाचतो. माकडताप १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, विषाणू पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) शोधला. मग २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला दिसला. अशा पसरण्यावर आढावा यायला वर्षं लागतात, आणि तोवर ‘कर्नाटकातला रोग’ हेच वाक्य फिरत राहतं. मी इथे सरकारी साप्ताहिक साथ-अहवाल आधार म्हणून वापरते, कुठल्या आठवड्याचा ते वाक्यातच लिहिते, आणि त्यातून भविष्याचा कुठलाही अंदाज काढत नाही. दुसऱ्या संपादकांशी यावर चर्चा होते, कधी माझं वाक्य राहतं, कधी निघतं. चर्चा बहुतेक वेळा सभ्य असते.

यंत्राने दिलेल्या दर्जाच्या अंदाजावर फार विसंबू नका. तो लांबी, संदर्भांची संख्या, विभाग अशा बाह्य खुणांवरून काढलेला असतो. काम निवडायला तो बरा.

मराठी विकिपीडियासाठी भाषांतर करणाऱ्यांना एक विनंती आहे. आकडा मराठीत आणताना त्याचं वर्ष आणि ठिकाण सोबत आणा. इंग्रजी लेख पुढे बदलत जातो, आपलं भाषांतर त्या दिवशीच थांबतं. ‘२०१७ च्या आढाव्यानुसार’ असं वाक्यात असलं की पाच वर्षांनी वाचणाऱ्याला निदान कळतं की नवं काही शोधायला हवं.

कोणी वापरावं? पीएसएमचे शिक्षक आणि पीजी विद्यार्थी यांनी नक्की. एका लेखाला चार-पाच संध्याकाळी सहज लागतात, त्या हाताशी ठेवा. कोविड किंवा क्षयरोगापासून सुरुवात करू नका. तिथे अनुभवी संपादकांची गर्दी आहे. लेप्टो, स्क्रब टायफस, माकडताप घ्या, तिथे एक परिच्छेद सुधारला तरी फरक दिसतो. सिंधुदुर्गातल्या ज्या डॉक्टरांनी माकडतापाचे पेशंट स्वतः पाहिलेत त्यांनी तर यावंच. त्यांचं निरीक्षण थेट लेखात घालता येणार नाही, छापील आधार लागेल, पण कुठलं वाक्य चुकीचं आहे आणि कुठला निबंध शोधायचा हे त्यांच्याइतकं लवकर कोणाला सांगता येणार नाही.